गौरीच्या आधीची गोळी

पांढरी, चपटी, हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी. पट्टीत अशा दहा. भाविकाने एकीवर अंगठा दाबून पाहिला – चांदीचा कागद वाकला, फाटला नाही – आणि आये स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत पट्टी उजव्या मोज्यात, शिनगार्डच्या मागे सरकवली.

"घेतलीस गो?" आयेने आतूनच विचारलं. "एक आता, एक सांजच्याला. गौरी जाईपरयंत चुकवायची नाय. तुजी तारीक बरोबर गौरीवर येते हाय. मागल्या खेपेला नागपंचमीच्या तिसऱ्या दिवशी बाजूला बसलीस, मी कॅलेंडरवर खूण केलीय."

"आल्यावर घेते. उपाशीपोटी नको."

खूण केलीय म्हणे! भिंतीवरच्या कॅलेंडरात कुंकवाचे टिपके, मधले तीन महिने सोडले तर दर महिन्याला एक, आयेच्या बोटाचे. महाशिवरात्रीपर्यंतचे खरे. नंतरचे सगळे खोटे... सगळे माझे. पाळी पुढे ढकलायची गोळी आणून दिलीय आयेने, भर बाजारातून, मेडिकलवाल्यासमोर लाजत. आणि ढकलायला इथे आहे काय? सात महिने झाले, आये, सात.

फुटबॉलच्या ग्राउंडवर पोचेपर्यंत उजाडलं होतं. सुकापूरच्या इमारतींच्या मागून एक विमान खाली येत होतं, इतकं खाली की चाकं दिसावीत. सत्यजीत सरांनी घड्याळ दाबलं आणि सगळ्या पळायला लागल्या. पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला डाव्या नडगीवरची ती जागा जागी झाली, रुपयाएवढी, बोट ठेवून दाखवता येईल अशी. तिसऱ्या फेरीला भाविका दात आवळून पळत होती आणि सर ओरडत होते, "भाविका, शाब्बास! हिच्याकडे बघा गं, अंगावर एक ग्रॅम जादा नाही!"

नाहीच आहे. भात सोडला फेब्रुवारीत, सरांनी वजनकाटा आणला त्या आठवड्यात. भाकरी अर्धी. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी मॅच. आधी वाटलं, सुटले बाई! पोटात कळा नाहीत, मॅचच्या दिवशी भीती नाही. टीममधली अंकिता म्हणाली होती, "माझीपण दोन महिने गायब आहे, भारी ना?" आणि दोघी हसल्या होत्या. अंकिताची परत आली. माझी... तिसऱ्या महिन्यात हसू आटलं. घरात आये रोज तोंडाकडे बघायला लागली. आणि आये काय समजेल ते भाविकाला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत पोरीची पाळी चुकली की त्याचा एकच अर्थ निघतो. शेजारच्या शांतीमावशीच्या ओट्यावर तर तो निघायच्या आधीच वाटला जातो. हाफपँट घालून खेळते ना ती दयारामाची पोर? मग!

म्हणून चौथ्या महिन्यात ती बाजूला बसली. काहीच झालेलं नसताना, खिडकीखालच्या चटईवर, वेगळं ताट घेऊन, तीन दिवस. देवाला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. कोरा पॅड पेपरात गुंडाळून टाकायचा. आयेने तिला गुळाचा चहा करून दिला, कंबरेला शेक दिला, आणि आयेचा चेहरा एवढा निवळला, एवढा, की भाविकाला चटईवर पडल्या पडल्या रडू आलं. आयेला वाटलं, पोट दुखतंय.

मग दर महिन्याला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती – आयेची काळजी मिटवायला म्हणून उभी केलेली तारीख आता बरोब्बर गौरीवर येऊन बसली. तेरड्याची गौर विहिरीवरून घरात आणायचा मान दहाव्या वर्षापासून माझा. बाजूला बसले तर तो जातो, म्हणून ही गोळी.

सराव संपल्यावर सरांनी फॉर्म मागितले. राज्य शिबिराचे, सतरा वर्षांखालचे, निवडलेल्या चौघींचे.

"माझा घरी राहिला सर."

"संध्याकाळी हवाच. शेवटचा दिवस आहे. आई-बाबांची सही विसरू नकोस."

घरी कुठला, बॅगेतच होता. सगळा भरलेला. एक रकाना सोडून – मागील पाळीची तारीख. तो रकाना वल्लरी मॅडमनी घातला होता. तपासणीला आलेल्या डॉक्टर, बारीक आवाजाच्या. त्या म्हणाल्या होत्या, "शरीराला खायला कमी आणि पळायला जास्त दिलं ना, की ते काटकसर करतं. आतून जे हार्मोन्स यायला हवेत ते बंद करतं. आधी पाळी थांबते. मग हाडं ठिसूळ होतात. मुलींनो, वय सोळा आणि हाडं साठीची – हे मी पाहिलंय. तीन महिने आली नसेल तर सांगा. तपासणी होईपर्यंत खेळ बंद, पण सांगा." सगळ्या पोरी खाली बघत होत्या. भाविकाही. नडगीवर हात ठेवून.

खेळ बंद. दोनच शब्द. नागपंचमीचा तिसरा दिवस लिहिला की शिबिर. महाशिवरात्र लिहिली की घर. आणि ही सही आयेची हवी, आये रकाना वाचणार, स्वतःच्या कुंकवाशी ताडून बघणार. खोटं लिहिलं तर जुळेल. खरं लिहिलं तरच जुळणार नाही! हसूच आलं तिला, सायकलवरून जाताना, एकटीला, आणि नडगीत अशी कळ गेली की ती सायकल हातात धरून चालत आली.

आये ओटीवर बसून चिंचेने समई घासत होती. शेजारी पाण्याचा तांब्या तयार.

"घे आता माज्यासमोर."

भाविकाने मोज्यातून पट्टी काढली. घामाने ओली झालेली. चांदी फाडली. गोळी तळहातावर आली. ही घेतली तर काय होईल? थांबलेलं आणखी थांबेल? का उलटं होऊन सुरूच होईल? कुणाला विचारू... नको, घेऊन टाकावी. सही घ्यावी, गौर आणावी, शिबिराला जावं. पाय काय, बांधता येतो.

आयेचा हात समईवरच थांबला. मान खालीच.

"पोट नाय गो दुकत तुजं हल्ली? आदी गडबडा लोलायचीस. आता तीन दिवस गुपचूप पडून असतेस. मी आपली शेक देते..." आयेने चिंच मुठीत पिळली. "तू टाकतेस तो कागुद पन हलका लागतो."

भाविकाने मूठ मिटली. हलका लागतो. म्हणजे उचलून बघितलं होतं. कधीपासून? आणि तरी बाजारात जाऊन ही पट्टी आणली – पोरीची तारीख खरी आहे असं स्वतःला दाखवायला? का मला? आये, तू त्याच भीतीने विचारत नाहीयेस ना? का विचारत नाहीस सरळ? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर दोन होते, समोरासमोर, मधे एक तांब्या.

वर बघू नकोस, आये. बघ... नको. फॉर्म संध्याकाळी द्यायचाय.

मुठीत गोळीची कड विरघळून कातडीला चिकटायला लागली होती. ती तोंडाशी नेता येईना, खाली ठेवता येईना. समईवरचं चिंचेचं पाणी आयेच्या मनगटावरून ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती. नडगी ठणकत होती, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच भाविकाला वाटलं की आपण पकडले जावं, आत्ता, आयेनेच पकडावं.