एकशे बारा जनेलं

...डाव्या कडेला लालाचा एक ओघळ सुकून राहिलाय, कापलेल्या नखाएवढा. बाकी सगळा तुकडा सपाट आहे – काड्यापेटीएवढी लाकडाची चकती, तिला चुन्याचा हात, आणि चुन्यावर हा लाल. कुंकवाचा नव्हे, कौलाचाही नव्हे. जांभ्याचा चिरा आतून कापल्यावर पहिल्या दिवशी दिसतो तो. साठच्या वरचा, सुमंगलाच्या मनानं सवयीनं म्हटलं – साठ टक्के लोखंड, कदाचित एकसष्ट. खाणीची प्रयोगशाळा सुटून तेरा वर्षं झाली, तरी लाल दिसला की आकडा आधी येतो आणि रंग मागून.

बस सर्वणचं वळण घेत होती. तिनं तुकडा मुठीत धरला. मांडीवरच्या पिशवीत मलमलच्या कापडात गुंडाळलेले सात तुकडे होते, हा आठवा. तो पिशवीत जायचा की खांद्याच्या पर्समध्येच राहायचा, हे डिचोली येईपर्यंत ठरवायचं होतं, आणि डिचोली काही फार लांब नव्हती.

“आपल्या घराचो रंग तो,” सकाळी सगुण म्हणाला होता, चहात उंडो पाव बुडवत. सगुण तिचा नवरा. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा, आता शाळेची बस. “मास्तर सांगता घाल म्हणून, तरी तू घालणस नाय. तुजा डोक्या म्हणजे चिरो.”

“चिरो टिकता,” ती म्हणाली होती.

“टिकता. पण पास होतलस मगे?”

ते तिला माहीत नव्हतं. डिसेंबरात ती नापास झाली होती – अर्धवार्षिक परीक्षकांसमोर. आज शेवटची मांडणी, आज नाही तर सगळं वर्ष पुन्हा, आणि पुन्हा करायचं नाही हे तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं, सगुणलाही न सांगता. चव्वेचाळीसाव्या वर्षी माणूस डिझाइनच्या पदविकेला एकदा बसतो. दुसऱ्यांदा बसलं की ते वेड दिसतं – लोकांना नव्हे, आपल्याला.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा अठ्ठावीस मुलं उठून उभी राहिली होती. ती मधल्या वाटेनं शेवटच्या बाकापर्यंत चालत गेली आणि बसली. मुलं तशीच उभी, माना वळवून. मग अश्विनी नावाची एक मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, फळा इकडे आहे.” तेव्हापासून ती टीचर. व्हिडिओचं संपादन तिला अश्विनीनं शिकवलं, आणि ती प्रत्येक चुकीला म्हणायची, “टीचर, छडी कुठे ठेवलीय तुम्ही?” ...हसू येतं अजून. त्या मुलांच्या बोटांना जे न शिकता येत होतं ते मी वहीत टिपून घेत होते, तारीख घालून, तपमान तेवढं लिहायचं राहायचं.

आणि प्रकल्प? प्रकल्प धुळीचा होता. जुन्या खनिज-रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकशे बारा घरं, आणि प्रत्येक घराच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, बाहेरून चार बोटं रुंद कड. ट्रक धावत होते त्या काळात या कडेवर धूळ बसायची, आणि पुसली तरी चिऱ्याच्या भोकांत, लाकडाच्या चिरांत राहायची. ती मऊ ब्रश आणि बटर पेपरच्या पुड्या घेऊन घरोघर गेली. पुडीवर घराचा नंबर. धूळ वाळवली, खलली, चाळली, चुन्यात मिसळली – लोखंडाचा रंग चुन्यात मरत नाही, एवढं रसायन तिला येत होतं – आणि एका घराची एक चकती केली. घरांच्या भिंतींसाठी चुन्याचे रंग. धुळीच्या गावात पांढरी भिंत महिन्यात मळते. धुळीच्याच रंगाची भिंत मळणार कशी? एवढंच तिचं म्हणणं होतं. सर्वणच्या शाळेची एक भिंत तिनं रंगवून पाहिली होती. मुलं तिला पाठ टेकून बसत, आणि वर्ष होत आलं तरी पाठींचे डाग दिसत नव्हते.

डिसेंबरात तिनं एकशे बारा चकत्या एका फळीवर लावल्या होत्या, नंबरवार. बाहेरून आलेल्या परीक्षक पद्मावती मॅडम फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ही प्रयोगवही झाली, ताई. इथं सगळं आहे म्हणून काहीच दिसत नाही. डिझाइन म्हणजे निवड. निवडा.”

निवडा... आठ दिवस ती चकत्यांसमोर बसली. हात सारखा लालांकडे जायचा. ते उठून दिसत. आणि हात तिकडे गेला की कानात नारायणबाब – प्रयोगशाळेचे मुख्य, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला शाईचा डाग – पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या हातातला एक सुरेख जड खडा काढून घेतला होता. “हातान निवडलेलो खडो खोटो गो, बाय. तो ट्रकाबद्दल काय सांगणा नाय, तुझ्याबद्दल सांगता.” मग त्यांनी दाखवलं. नमुन्याचा ढीग करायचा. तो चपटा करून गोल पसरायचा, पट्टीनं चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेलं कालवून पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. डोळ्याला विचारायचं नाही. असं करत करत दहा टनांचा ट्रक मुठीत येतो, आणि ती मूठ खोटं बोलत नाही. अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं – रोज, हातानं, न निवडता.

नवव्या दिवशी तिनं चकत्या पालथ्या घातल्या, कालवल्या, गोल पसरल्या. एकशे बाराच्या छप्पन्न. छप्पन्नच्या अठ्ठावीस. दुसऱ्या फेरीत तिचं स्वतःचं घर गेलं – पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर नंतर पाहिला तेव्हा कळलं. सगुणचा ट्रक रात्रभर ज्या जनेलाखाली उभा असायचा त्याचा लाल, सगळ्यांत गडद, सगळ्यांत खरा वाटणारा. अठ्ठावीसच्या चौदा. चौदाच्या सात. तिनं त्या सात उलटून पाहिल्या: राखी, मातकट, गाळासारखा पिवळा, दोन जवळजवळ सारखे तपकिरी, एक फिका विटकरी, आणि एक... एक तर रंगच नव्हता.

साईश सर तिचे वर्गशिक्षक, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, ते कालच म्हणाले, “ताई, पद्धत सुंदर आहे. पण एक लाल घाला. एकच. डोळा थांबेल आणि तुम्ही पास. कुणाला कळणार आहे?”

कुणाला कळणार आहे. बस डिचोलीच्या बाजारात थांबली तेव्हा लाल तुकडा पर्समध्येच होता. पण ते ठरवून नव्हतं, नुसतं उतरायची घाई म्हणून.

संस्थेच्या दालनात पंखा चालू होता. टेबलावर मलमल पसरून तिनं सात तुकडे मांडले. अंतर सारखं, दोन बोटं. पद्मावती मॅडम चष्मा वर सरकवून वाकल्या. मागे साईश सर भिंतीला टेकून, तिच्या पर्सकडे बघत.

“शाळेच्या भिंतीचं वाचलं मी,” मॅडम म्हणाल्या. “ते चांगलंच आहे. पण लाल कुठे आहे? हा सगळा मुलूख लाल आहे, ताई. येताना माझ्या गाडीची चाकंसुद्धा लाल झाली.”

हात पर्सच्या चेनवर गेला. आत बोटांना ती कड लागली, ओघळ असलेली... दोन सेकंद. प्रयोगशाळेत लोखंड मोजायला ब्युरेटच्या नळीतून थेंब सोडताना असंच व्हायचं – द्रावण हिरवट, हिरवट, हिरवट, आणि तोटीवरचं बोट थांबलेलं. जांभळं व्हायला अजून एक थेंब हवा, की तो जास्त होईल? एक थेंब जास्त पडला की सगळं ओतून द्यायचं, सकाळपासूनचं. आणि वहीत काय लिहिलं ते फक्त आपल्याला माहीत असतं. अकरा वर्षांत एकदाही मी खोटा आकडा लिहिला नाही, आणि ते आजवर कुणाला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली. हात बाहेर आला, रिकामा. “माझ्याच घराचा आहे. पण तो मला निवडावा लागेल.”

“निवड म्हणजेच डिझाइन, असं मी म्हटलं होतं.”

“हो. मी आठ दिवस निवडून पाहिलं. मग लक्षात आलं की त्यात घरं दिसत नाहीत, मी दिसते.” तिनं पिशवीतून सगळ्या घरांच्या उरलेल्या धुळीचा डबा काढला, बटर पेपर पसरला. “दाखवू?”

ढीग. चपटा. गोल. पट्टीनं एकदा आडवं, एकदा उभं. समोरासमोरचे दोन भाग ब्रशनं बाजूला. पुन्हा ढीग. बोलावं लागलं नाही. हात विसरले नव्हते, एक कणही कागदाबाहेर गेला नाही. शेवटी कागदावर चिमूटभर उरलं तेव्हा तिनं मान वर केली. “हे एकशे बारा घरांचं. यात कुणाची आवडनिवड नाही.”

मॅडमनी सातवी चकती उचलली. “आणि ही? कोरी राहून गेली का?”

“कोरी नाही. उजेडाकडे धरा.”

मॅडम खिडकीपाशी गेल्या. चकती तिरपी केली, पुन्हा तिरपी केली. मग त्यांना दिसलं – चुन्यावर एक अगदी पुसट गुलाबी, असल्या-नसल्यासारखी.

“पंचेचाळीस नंबरचं घर, सुलोचनाबाईंचं,” सुमंगला म्हणाली. “ट्रक होते तेव्हा त्या दिवसातून तीनदा जनेल पुसायच्या. ट्रक बंद पडले, तरी तीनदाच पुसतात. मला धूळ मिळेना. तीन वेळा गेले. त्या म्हणाल्या, ‘माज्याकडे धूळ मागूक इलंस? लाज वाटणा नाय?’ मग बिजागरीच्या फटीतून एवढी निघाली. धूळ दिसणार नाही असा रंग देते म्हटलं, तर म्हणाल्या, ‘आनी मगे मी दिवसभर काय करू गो?’”

साईश सर हसले.

मॅडम चकती अजून उजेडात धरून उभ्या होत्या. “ही मी निवडली नसती,” त्या म्हणाल्या.

“मीही नसती.”

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय, हे दिसलं नाही. तिनं बघितलंही नाही. “या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “यादी चार वाजता लागेल.”

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. ती बसली. मांडीवर मलमल, त्यात सहा तुकडे – तिनं मोजले, सहाच.

“टीचर,” अश्विनी धावत येऊन शेजारी टेकली, “ती मॅडम चहाला आली ना, हातात तुमचा तुकडा घेऊनच. एका हातात कप, एका हातात तो. मागून आणू?”

“राहू दे.”

“बरं. छडी नसली तरी लोक घाबरतात हं तुम्हाला.” आणि ती उठली, कारण आत कुणीतरी ओरडलं की यादी लागतेय, आणि सगळी मुलं चपलांचा आवाज करत फळ्याकडे गेली.

सुमंगला उठली नाही. तिनं पर्स उघडून लाल तुकडा काढला, गुडघ्यावर ठेवला. सुंदर होता. सकाळी होता तेवढाच, आणि आता त्याच्याकडे नुसतं बघता येत होतं, आकडा मागून आला तरी चालत होतं. संध्याकाळी तो जनेलाच्या कडेवर ठेवायचा, सगुणला दिसेल असा. तो पुन्हा चिऱ्याबद्दल काहीतरी बोलेल. यादीत नाव असेल. नसेलही... पुन्हा बसावं लागलं तर? बसेन. हा शब्द कुठून आला ते तिला कळलं नाही. सकाळी तो नव्हता.

छातीत काहीतरी बदललं होतं, एका थेंबानं, नेमकं कधी ते सांगता आलं नसतं – पर्समधून हात रिकामा बाहेर आला तेव्हा, किंवा खिडकीपाशी ती चकती तिरपी झाली तेव्हा. हिरवट गेलं होतं. जांभळं आलं होतं, पेल्याच्या तळापर्यंत. पण जांभळं दिसलं म्हणून लगेच लिहायचं नसतं, नारायणबाब सांगत; तीस सेकंद मोजायचे. रंग टिकला तर खरा.

आत कुणीतरी टीचर, टीचर म्हणून हाका मारतंय. येते. आधी एवढं होऊ दे... सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. रंग हलत नाही. एकोणतीस. तीस.

मी पुढं मोजते.