पट नऊ, हजर आठ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण भिंतीला चिकटून जन्म काढणाऱ्यांतला नव्हे हं! मी गुंडाळफळा. जाड कापडावर काळा रंग आणि वर-खाली एकेक लाकडी दांडी. लाकूड रे रोडच्या वखारीतलं, रंगवणारा पेंटर लालबागचा. त्याने मला गच्चीत वाळत घातलं, तेव्हा एक कावळा ऐटीत माझ्यावरून चालत गेला. पेंटरने त्याला दिलेल्या शिव्या हे माझ्या कानावर पडलेलं पहिलं मराठी.

परळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी कामाला लागलो. रोज सकाळी माझ्या उजव्या कोपऱ्यात चार ओळी पडत: वार, दिनांक, पट, हजर. पट म्हणजे नावं किती आणि हजर म्हणजे आज आलेत किती. तेव्हा एकेका वर्गाचा पट पन्नासच्या घरात असे. मला पुसायला मिळावं म्हणून पोरं मारामाऱ्या करायची. काय दिवस होते!

मग भिंतीवर मोठा डिजिटल पडदा आला आणि मी कपाटामागे गेलो. पाच वर्षं! राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पडदा येऊनही मुलं काही वाढली नाहीत. गेल्या साली साऱ्या शाळेचा मिळून पट अकरावर आला आणि संस्थेचं पत्र आलं: 'पट फक्त अकरा. जूनमध्ये वीस न झाल्यास शाळा बंद करण्यात येईल.'

त्याच आठवड्यात आमच्या रुपालीबाईंची स्कॉटलंडला निवड झाली. दोन महिने तिथल्या प्राथमिक शाळांत पाहुण्या शिक्षिका म्हणून शिकवायचं होतं. बाई याच शाळेत शिकलेल्या. 'शाळा बुडत असताना मी कुठे फिरायला जाऊ?' म्हणून त्या रडल्यासुद्धा. शेवटी निघाल्या आणि जाताना कपाटामागून मला ओढून काढलं.

शाळेचे शिपाई तात्या मालवणचे. ते म्हणाले, "बाई, ह्यां लोढणां कशाक नेतास? थंय भिंतीएवढो टीव्ही असतलो!"

लोढणं! मी ऐकून घेतलं.

पहिली शाळा मोठ्या शहरातली. भिंतीला खिळा मारायला मनाई, म्हणून मी पिशवीतच होतो. मुलांनी विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं? बाई हसून म्हणाल्या, "बाई म्हणा." झालं! सगळे हात वर झाले, "बाय! बाय!" आणि एक पोरगा तर दप्तर उचलून निघालाच. बाईंना सावरायला दोन मिनिटं लागली. मी पिशवीत पोट धरून हसत होतो.

दुसरी शाळा एका बेटावर होती. एकच खोली, एकच शिक्षिका. तिचं नाव मॉराग. पाच वर्षांच्या चिमुरड्यापासून अकरा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे एकत्र बसत. तिथे कोट अडकवायच्या खुंट्यांना बाईंनी मला टांगलं आणि सवयीने कोपऱ्यात लिहिलं: पट ९, हजर ८.

"ग्रेटा नाही आली," मुलं म्हणाली. "त्यांची मेंढी व्यायलीय."

दुपारी बाईंनी मॉरागला विचारलं. बोलणं इंग्रजीत झालं, मला कळलं तसं सांगतो.

"फक्त नऊ मुलं? शाळा बंद करा असं कुणी म्हणत नाही?"

"म्हणतात की! मग मी घरोघरी जाऊन मुलं मागते. तुझ्या शाळेत किती?"

"फक्त अकरा."

"अकरा!" मॉरागचे डोळे चमकले. "आमच्यापेक्षा दोन जास्त. मग त्यात फक्त काय आहे?"

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन आठवडे त्या बघत राहिल्या. मोठी मुलगी धाकट्याला वाचायला शिकवी, मॉराग प्रत्येकाच्या शेजारी बसे, कुणी कोपऱ्यात हरवत नसे. माझ्यावर नऊ जणांनी आपापली नावं मराठीत लिहिली. इतका खूश मी पन्नासांच्या वर्गातही नव्हतो.

परत आलो ते थेट मे महिन्याच्या उन्हात. बाई मला काखोटीला मारून चाळी-चाळीत फिरल्या. विनवण्या करत बसल्या नाहीत. गॅलरीच्या कठड्याला मला टांगायचं, लहानमोठी सगळी पोरं गोळा करायची आणि अर्धा तास शिकवायचं. आयाबाया दारातून बघत. "अकराच पोरं?" कुणी नाक मुरडलं की बाई म्हणत, "म्हणून तर तुमच्या पोरीकडे मी दिवसातून दहा वेळा बघेन." एकेक करत नावं एकोणीस झाली.

विसाव्या नावासाठी आम्ही लोअर परळला रुचा नावाच्या एका चिमुरडीच्या आईकडे, मायाकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, राग नका मानू. तुमची ओवी कुठल्या शाळेत आहे?"

ओवी बाईंची लेक. इंग्रजी शाळेच्या शिशुवर्गात होती.

बाईंनी मला गुंडाळलं. सुतळी बांधून त्या जिना उतरल्या. मला बाईंची कीव आली आणि मायाचाही राग येईना.

शाळा उघडली त्या दिवशी संस्थेचे कमलाकांतराव आले. भला माणूस, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी हजेरीपट उघडून नावं मोजली. "एकोणीस. एक कमी पडलं हो, बाई."

"विसावं लिहायचं राहिलंय," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. नवा गणवेश घालून, केसांना रिबिनी बांधून ओवी उभी होती. बाईंनी स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. कमलाकांतरावांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात तात्या पुढे आले. त्यांची मान खाली होती. "बाई, माझी नातय इंग्रजी शाळेतच जाता. तिचां नाव पण लिवा."

मित्रांनो, आज मी पुन्हा वर्गात टांगलेला आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका, रंग निघतो. आणि आमच्यासारख्या शाळांविषयी जीव हळहळत असेल, तर नुसते हळहळू नका. आपलं पोर हाताला धरून घेऊन या. माझ्यावर पुष्कळ जागा आहे.