मेंढ्याच्या पाटीची खाणावळ

विलायतेतल्या खेड्यातली खाणावळ कशी असते, हे वरवंडच्या सडकेवर एकट्या कोंडिबाला ठाऊक होतं, आणि तेही ऐकीव. दौंडला रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात त्यानं बेअरा म्हणून उभी हयात काढली. तिथला टर्नर साहेब, इंग्रज गेल्यावरही मागं राहिलेला एकटा म्हातारा, दोन पेले पोटात गेले की आपल्या गावच्या खाणावळीचं पुराण लावायचा. बुटकं छप्पर, शेकायला आगटी, गरमागरम मटण आणि पिंपातली बिअर. दारावर अक्षर नाही, नुसतं मेंढ्याचं चित्र, म्हणजे अडाण्यालाही जागा कळावी. आणि आत छातीइतकी उंच एकच लाकडी फळी. जमीनदार, पाद्री, नांगऱ्या, सगळे त्याच फळीला टेकून खाणार-पिणार, आणि तू कोण, कुठला, असं कुणी कुणाला विचारणार नाही. साहेब हे बसून सांगायचा आणि कोंडिबा हातात ट्रे धरून उभ्यानं ऐकायचा. त्यात काही खटकण्यासारखं आहे, हे दोघांच्याही कधी ध्यानात आलं नाही.

पण ती फळी कोंडिबाच्या मनात घर करून बसली. शिरूरकडच्या आपल्या गावी, कवठे येमाईला, पोरवयात त्यानं हॉटेलाच्या बाहेर बसून, वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायला होता आणि कप स्वतः विसळून जागेवर ठेवला होता. पुढं दीक्षा घेतली, नोकरी केली, चार साहेबांत वावरला, तरी तो कप काही डोक्यातून जाईना. बहात्तरचा दुष्काळ सरला, नोकरीही सरली, तसं त्यानं वरवंडला सडकेकडेला जागा धरली. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची लांबलचक फळी ठोकली. दौंडच्या पेंटरकडून पाटीवर मेंढा काढून घेतला, चांगला वळलेल्या शिंगांचा. दारू मात्र ठेवली नाही. प्रतिज्ञा घेतलेला माणूस तो, दारू पिणार नाही आणि पाजणारही नाही. प्यायला ताक, चहा आणि गोटीसोडा. टर्नर साहेबानं हे बघून कपाळावर हात मारला असता.

खाणावळ चालली, आणि चालली ती कोंडिबाच्या फळीमुळं नव्हे. ती चालली त्याच्या बायकोच्या, सोजरबाईच्या हातामुळं. तिचा काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, चुलीवरची बाजरीची भाकरी आणि पाट्यावरचा ठेचा एकदा खाल्लेला ट्रकवाला पुढच्या खेपेला पोटात जागा ठेवून यायचा. पुण्याच्या मोटारी थांबायला लागल्या. मग वरवंडची माणसं आली, मग कासुर्डीची. बागायतदार, मास्तर, हमाल, सगळे एका फळीला टेकून भुरके मारायला लागले. कोंडिबा जुना पांढरा कोट घालून सगळ्यांना वाढायचा, आणि त्याचा ऊर भरून यायचा.

एक दिवस गेणबा जेवता जेवता म्हणाला, "धनगराच्या हातचं मटण म्हंजी इचारायलाच नगं. मेंढा बघूनच मी आत आलो."

गेणबा स्वतः धनगर, म्हातारा, आडमाप मिशांचा. खाणावळीला बकरं तोच पुरवायचा. गावानं काय धरून चाललंय, ते कोंडिबाला तेव्हा उमगलं. माणूस शिरूरकडचा, पाटीवर मेंढा, आडनाव शिरूरकर. बाकीचं त्यांचं त्यांनीच जुळवून घेतलं होतं. कुणी विचारलं नव्हतं ते एवढ्यासाठी. सांगायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडानं कोंडिबा म्हणाला, "ताक घेणार?"

आतून सोजरबाईनं ऐकलं होतं. "सांगून टाका की," गेणबा गेल्यावर ती म्हणाली.

"सांगतो. आज गर्दी हाय."

गर्दी रोजच असायची. गेणबा रोज यायचा, फळीच्या टोकाला ठरल्या जागी उभा राहायचा, सुखदुःखाचं बोलायचा. कोंडिबाला असा जिवाभावाचा सोबती उभ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि तो हातचा जाईल या भीतीनं तो सांगायचं रोज उद्यावर ढकलत होता. एका दुपारी गेणबा ताकाचा पेला हातात घेऊन म्हणाला, "औंदा बिरोबाच्या जत्रंला निवद तुमच्या घरचा. मी शब्द दिलाय."

आता मात्र गिळून टाकणं शक्य नव्हतं. कोंडिबा म्हणाला, "गेणबा, आम्ही देव मानीत न्हाई. आम्ही बौद्ध हाव."

गेणबानं अर्धा पेला फळीवर ठेवला. "आधी सांगायचं न्हाई व्हय?" एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून गावचं माणूस फिरकलं नाही. ट्रकवाले येत होते, पण ट्रकवाल्यांसाठी का कोंडिबानं फळी ठोकली होती? तो येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलीकडं बघत राहायचा आणि सोजरबाईवर उगाच डाफरायचा.

बाजाराच्या दिवशी गेणबा परत आला. दारातच थांबला, फळीला टेकला नाही.

"मी गावात बोललोय," तो म्हणाला. "समद्यास्नी तुमच्या खाणावळीची आठवण येती. माझी धाकटी सून सैपाकाला धाडतो. वाढायलाबी एक माणूस देतो. तुम्ही नुस्तं गल्ल्यावर बसा. धंदा तुमचाच. वैनी लई राबल्या, आता त्यांनी घरी आराम करावा. मसाला तेवढा सुनंला तोंडी सांगावा."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. चार माणसांत शब्द टाकून, वाईटपणा घेऊन तो आला होता, आणि तेच कोंडिबाच्या जास्त जिव्हारी लागलं. त्याला हाकलून द्यावं असं वाटलं. पण डोळ्यांपुढं भरलेली फळी उभी राहिली, तो गलका, ते भुरके.

"कवापासनं येईल सून?" त्यानं विचारलं.

शब्द तोंडातून गेले आणि त्यानं मागं पाहिलं. पिठाच्या हातांनी सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हात पदराला पुसले, फळीला वळसा घालून बाहेरच्या अंगाला आली आणि टोकाला गेणबाच्या ठरल्या जागी उभी राहिली.

"मला वाढा," ती म्हणाली.

"अगं, काय हे..."

"गिऱ्हाईक हाय मी. हितं कोण, कुठली, कुणी इचारत न्हाई ना? वाढा."

कोंडिबानं थाळी पुसली, रस्सा वाढला, भाकरी ठेवली. हात सवयीनं चालत होते. ती उभ्यानं जेवत होती, सावकाश. गेणबा सडकेकडं बघत राहिला. खाणावळ उघडल्यापासून आपली बायको एकदाही फळीच्या या बाजूला उभी राहिलेली नाही, सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपुढंच जेवते, हे कोंडिबाच्या आत्ता ध्यानात येत होतं. रांधणारी बाई कुठं उभी असते, हे त्यानं टर्नर साहेबाला कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

थाळी पुसून खाल्ल्यावर ती गेणबाला म्हणाली, "सुनंला उद्यापासनं धाडा. आजचा सैपाक माझा हाय."

मग आत जाऊन तिनं पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि चौफुल्याच्या दिशेनं चालायला लागली. तिथं शिरूरची एस.टी. मिळते.

"सोजर," कोंडिबानं हाक मारली. ती वळली नाही. तो फळीच्या आतच उभा राहिला. बाहेर यायला त्याला कुणी अडवलं नव्हतं.