खिडकीतला पेला

ताईच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी भावाने आपला पेला खिडकीत वेगळा ठेवायला सुरुवात केली. रक्तात एचआयव्ही निघाल्याचं त्याने ताईला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी स्वतःच पेला उचलून तिथे नेला. पेल्याने लागण होत नाही, हे डॉक्टरांनी ताईलाही समजावलं होतं. तिने मान डोलावली. पण 'ठेव परत फडताळात' एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता नात शाळेत जायला लागली.

भाऊ नळकाम करायचा. गोळ्या त्याने कधी चुकवल्या नाहीत, म्हणून त्या दुखण्याने त्याला काही केलं नाही. गाठलं ते यकृताच्या कर्करोगाने.

तो अंथरुणाला खिळल्यावर संशोधन करणारी डॉक्टरीण घरी आली. ती म्हणाली, गोळ्यांनी विषाणू दबतो, मरत नाही. आतड्यात, काखेतल्या-मानेतल्या गाठींत, मेंदूत दडून बसतो आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा उठतो. जिवंत माणसात सगळीकडे शोधता येत नाही. मेल्यावर देह लगेच मिळाला, तर त्याच्या लपायच्या जागा कळतील. यातून भावाला काही मिळणार नाही, हेही तिने सांगितलं.

भाऊ लगेच तयार झाला. ताई मात्र अडून बसली. त्याला शेवटची आंघोळ तरी तिला आपल्या हातांनी घालायची होती.

"तेवढं तरी करू दे मला," ती म्हणाली.

"ताई, भिंत फोडल्याशिवाय आतली गळती सापडत नाही. जन्मभर लोकांच्या भिंती फोडल्या. आता माझी फोडू दे की."

"आणि मी काय करू?"

"तू नेहमीसारखी कुरकुर कर. कुणीतरी नळवाल्यावर कुरकुर करायलाच हवी."

ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

शेवटच्या सकाळी त्याने पाणी मागितलं. ताईने आपल्या पेल्यात आणलं. त्याने पेल्याकडे पाहिलं.

"हा तुझा आहे."

"पी गप्प."

तो दोन घोट प्यायला. उरलेलं ती त्याच्यासमोर प्यायली. त्याने डोळे मिटून घेतले.

देह न्यायला गाडी यायच्या आत तिला त्याचे फक्त हात धुता आले. नखांतला गंज निघाला नाही.

भाऊ वारला तो मंगळवारी, सकाळी, नात दुसरीत गेली त्या वर्षी. खिडकीतला पेला ताईने त्या दुपारी घासून फडताळात ठेवला.