उजवा पाय

मरोळच्या गावठाणात पास्कोल डायसचं घर अगदी क्रुसासमोर आहे. त्यामुळे देव आपल्याला रोज बघतो असं तो मानायचा आणि तेवढ्यावर खूश असायचा. जाता-येता कपाळाला हात लावायचा, ओठ हलवायचा आणि पुढे चालू पडायचा. रविवारी मिस्साला न चुकता जायचा, पण फादरांचं प्रवचन सुरू झालं की तो आणि त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण हळूच बाहेर व्हरांड्यात येऊन क्रिकेटच्या गप्पा मारायचे. कम्युनियनचा प्रसाद घेतला की मागच्या दाराने बाहेर आणि थेट मटणाच्या दुकानाच्या रांगेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दारू सोडायचा. म्हणजे घरातली सोडायचा.

"देवाला पण कळतं हो," त्याची बायको रेजिना म्हणायची. "तुम्ही त्याला कपातला खालचा गाळ देता आणि वर म्हणता, पी."

"तू देतेस ना भरलेला कप? एका घरातनं किती जायचं?"

माणूस वाईट नव्हता हो. मरोळच्याच कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली, कोणाचं वाकडं केलं नाही, पोराचं लग्न लावून दिलं. पण कुठल्याच गोष्टीत पुरता उतरायचा नाही. जुहूला समुद्रावर गेला तरी घोट्यापर्यंतच. पँट भिजते म्हणायचा.

क्रुसाच्या पलीकडच्या खोलीत सहदेव परब राहतो. मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर तो पास्कोलच्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला, आणि तिथपासून दोघांची दोस्ती. संध्याकाळी क्रुसाच्या ओट्यावर बसून दोघं कशावरूनही भांडायचे. सुरमई चांगली की पापलेट, यावरूनसुद्धा एकदा दोन दिवस बोलत नव्हते.

त्या थंडीत सहदेवच्या साखरेने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तळव्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ धुऊन पट्टी बांधायची, एकही वेळ चुकवायची नाही. पुढच्या सोमवारी मी बघेन. मांस लाल दिसलं तर पाय राहील, काळं पसरलं असेल तर घोट्याच्या वरून काढावा लागेल.

संध्याकाळची पट्टी त्याचा मुलगा निलेश करायचा. तो जुहूच्या एका हॉटेलात किचनमध्ये कामाला. उजाडायच्या आत जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सकाळची पट्टी करायला एक मुलगी येत होती, ती आई आजारी पडली म्हणून गावी गेली. राहिली सहदेवची बायको सुगंधा. ती नेमकी मोरीत घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. एका हाताने ती बिचारी काय गुंडाळणार? सकाळची पट्टी निम्मी व्हायची, नाहीतर व्हायचीच नाही.

पास्कोलला हे सगळं ठाऊक होतं. रोज तो सहदेवच्या दारापर्यंत जायचा, पायरीवर बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि बाहेरूनच विचारायचा. आत जायला त्याचं मन धजायचं नाही. खोलीत वास यायचा. गोडसर, सडका वास. तो दारातच नाकात भरायचा.

"मी प्रार्थना करतो हां, सहदेवा."

"कर रे कर," आतून आवाज यायचा. "पण भायरसूनच कित्याक? भुतूर येऊन केलंस तर चाय तरी गावतली."

पास्कोल हसायचा आणि घरी यायचा.

त्याच आठवड्यात पवित्र गुरुवार होता. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्या बारांत पास्कोलचं नाव आलं. रेजिनाला हसू आवरेना. "व्हरांड्यातल्या प्रेषितांमधून पण एक घ्यायला पाहिजे ना," म्हणाली.

आता आमच्याकडची एक गंमत सांगायला हवी. पाय धुवायचे असतात, पण म्हातारे फादर वर्षानुवर्षं एकच पाय धुवायचे. उजवा. त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून ज्याचं नाव येईल तो त्या आठवड्यात उजव्या पायाच्या मागे लागतो. दगडाने घासतो, लिंबू चोळतो, नखं कापतो, खोबरेल लावतो. फादरांना घाण पाय कसा द्यायचा? डावा आपला मोज्यात जसा आहे तसा.

पास्कोलनेही तेच केलं. रेजिनाने गरम पाणी दिलं, त्याने काथ्याने उजवी टाच घासून घासून गुलाबी केली.

"दुसऱ्याने काय पाप केलंय?" रेजिनाने विचारलं.

"त्याला कोण बघतंय?"

गुरुवारी चर्च भरलं होतं. अल्तारासमोर, पुढे वेदीपाशी, बारा खुर्च्या मांडल्या होत्या. बाराही जणांनी उजव्या पायातलं बूट-मोजा, चप्पल काय असेल ते काढून ठेवलं होतं. पास्कोल शेवटच्या खुर्चीवर होता. म्हातारे फादर आता नव्हते, त्यांच्या जागी वसईकडचे फादर इनास आले होते. तरणा, बुटका माणूस, बोलायला हळू. ते पहिल्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसले. तिथे ब्लांश टीचर होत्या. फादरांनी त्यांचा उजवा पाय धुतला, पुसला, आणि मग दुसऱ्या चपलेवर बोट ठेवलं.

"हा पण."

"फादर, एकच असतो," टीचर कुजबुजल्या.

"येशूने एकच धुतला होता का, टीचर?"

फादरांच्या गळ्यातला माइक चालूच होता. सगळ्या चर्चने ऐकलं. आधी मागच्या बाकावरून खुसखुस झाली, मग हसण्याची एक लाट पुढपर्यंत आली. खुर्च्यांवरच्या अकरा जणांची मात्र वाट लागली. कोणी लेस सोडतंय, कोणी मोजा ओढतंय, कोणी पाय खुर्चीखाली लपवतंय. पास्कोलच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो काढला तर आतून जे निघालं ते बघून त्याला स्वतःलाच लाज वाटली. टाचेला भेगा, भेगांत काळी माती, अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड. तिसऱ्या बाकावर रेजिनाने गाण्याचं पुस्तक तोंडावर धरलं होतं.

फादर एकेक करत शेवटच्या खुर्चीपाशी आले. उजवा पाय धुतला. मग डावा हातात घेतला. घाई केली नाही. टाचेच्या मोठ्या भेगेवरून त्यांनी अंगठा फिरवला. माइक आता त्यांनी बंद केला होता.

"दुखतं का हो?"

"सवय आहे, फादर."

फादरांनी मान हलवली. पाणी ओतलं. परातीत पाणी काळं झालं, पण त्यांनी हात काढला नाही. बोटांच्या मधून, लहान पोराला पुसावं तसं पुसलं. मग वाकून त्या पायाचं चुंबन घेतलं आणि उठले.

खरं सांगायचं तर त्या वेळी पास्कोलला येशू आठवला नाही. त्याला आठवला सहदेवचा पाय. तोही डावाच. त्याला वाटलं, मी तर नुसता वास येतो म्हणून पायरीवरून फिरलो, आणि या माणसाने माझ्या घाणीला तोंड लावलं.

सकाळी गुड फ्रायडे. काळ्या चहाचा कप संपवून पास्कोल उठला आणि सहदेवच्या दारात जाऊन उभा राहिला. चपला काढल्या. आणि आत गेला.

सुगंधा चुलीपाशी होती, ती बघतच राहिली.

"वहिनी, पट्टी कशी करायची ते सांगा. करतो मी."

"तुम्ही? पास्कूभाऊ, तुम्हाला झेपायचं नाही हो."

"सांगा तर."

सहदेव खाटेवरून ओरडला, "पास्क्या, मेल्या, घराक जा! तुझो आज उपास."

"उपास पोटाचा आहे. हाताला काय झालंय?"

सुगंधा सांगत गेली आणि तो करत गेला. हातमोजे घाला. जुनी पट्टी ओढू नका, आधी भिजवा. पट्टी सुटली तसा वास असा अंगावर आला की पास्कोल धावत बाहेर गेला आणि गटारीवर वाकला. तोंड धुतलं. क्रुसाकडे बघायचं त्याला सुचलंही नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसून तो परत आत आला.

"इलंस परत?" सहदेव म्हणाला.

"पाय दे."

पहिली पट्टी इतकी सैल झाली की सहदेवने पाय उचलताच ती सुटून लोंबली. "लग्नातलो पताको," सहदेव म्हणाला. सुगंधा हसली, पास्कोलने पुन्हा बांधली.

शनिवारी हात जरा बसला. गल्लीत बातमी पसरली होती. लोक म्हणाले, पास्कोल, मानलं तुला यार. त्याच्या छातीत ऊब भरून आली होती. आपल्यात काहीतरी बदललंय असं त्याला वाटलं. त्याने ते दोघा-तिघांना सांगितलंही.

आणि मग रविवार आला, ईस्टर. पहाटेची मिस्सा करून आलेला पास्कोल नवा शर्ट घालून तयार होता. मुलगा मेल्विन बोरिवलीहून गाडी घेऊन आला होता. आयसी कॉलनीत त्याच्या घरी सगळे जमणार, चिकन, तळलेले गोडसर फुगियास, नातवंडं. सुगंधाला त्याने आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. निलेशला हॉटेलात मोठी पार्टी होती, तो पहाटेच जाणार होता. "जा हो भाऊ," सुगंधा म्हणाली होती, "वर्षाचा सण. एक सकाळ राहिली तर काय होतंय?"

तेव्हा पास्कोल गाडीत बसला. मांडीवर फुगियासचा डबा. उपवासकाळ संपला, दोन दिवस केलं, कोणी काही म्हणणार नव्हतं. छातीतली ती ऊबही आज कुठे सापडत नव्हती. राहिली होती फक्त झोप आणि भूक. पुढे पाण्याचा टेम्पो आडवा उभा होता, मेल्विन हॉर्न वाजवत होता. पास्कोलने सहज खिडकीतून पाहिलं. सहदेवच्या दारात उजेडाला सुगंधा बसली होती. सहदेवचा पाय तिच्या मांडीवर होता आणि पट्टीची गाठ ती दातांनी सोडत होती.

पास्कोलने दार उघडलं.

"काय झालं, डॅडी?"

"तुम्ही व्हा पुढे. मी मागनं येतो."

"अहो, ईस्टर आहे!" रेजिना म्हणाली.

"माझं जेवण झाकून ठेव."

रेजिनाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग डब्यातले चार फुगियास कागदात बांधून तिने त्याच्या हातात दिले. "रिकाम्या हाताने नका जाऊ सणाला," म्हणाली.

त्या सकाळी त्याला ना ऊब वाटली ना भक्ती. वास तेवढाच होता. कोणी बघायला नव्हतं. नव्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून त्याने पट्टी भिजवली, जखम धुतली, कडा पुसल्या, मलम लावलं. सगळं सावकाश केलं. एरवी कुठलंही काम करताना त्याच्या डोक्यात चालू असायचं, देवा, एवढं माझं बघ. त्या दिवशी त्याने काही मागितलं नाही. मागायचं लक्षातच राहिलं नाही.

"तुझो सण ना आज?" सहदेवने विचारलं. "मगे हय कित्याक इलंस?"

"तुझा पाय बघायला."

"आता बघितलंस. त्या कागदात काय आसा?"

"फुगियास. गोड असतात, तुला नाही."

"एक दी रे. सणाचो."

सुगंधाने पुडी काढून घेतली आणि एका फुगियासचा चवथा भाग सहदेवच्या हातावर ठेवला. तो त्याने पेढ्यासारखा चघळून खाल्ला. दुपारी पास्कोल बसने बोरिवलीला गेला आणि झाकून ठेवलेलं गार चिकन जेवला. त्याला ते फार आवडलं.

सोमवारी डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली, बाजूचं मांस पाहिलं, आणि विचारलं, "ड्रेसिंग कोण करतं?"

"दिवसाचा आमचो पास्क्या," सहदेवने दाराशी उभ्या पास्कोलकडे बोट दाखवलं.

"नर्स आहेत का ते?"

"नाय. फिटर."

डॉक्टर हसले. "पाय ठेवू या. पण आता सोडायचं नाही. काही महिने जातील."

पास्कोलने सोडलं नाही. मे महिन्यात गल्लीतला क्रूस फुलांनी सजला, रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली, आणि शेवटी उकडलेले चणे वाटले तेव्हा सहदेव काठी टेकत, पुढून कापलेली चप्पल घालून ओट्यापर्यंत आला आणि दोन वेळा चणे घेतले. पुढच्या गल्लीतला हरेश्वर कोळी अंथरुणाला खिळला होता. त्याच्या सुनेने विचारलं तेव्हा पास्कोल त्यालाही अंघोळ घालायला जाऊ लागला. मग आणखीही घरांतून बोलावणी येऊ लागली, आणि रेजिनाने ती मोजायचं सोडून दिलं. प्रवचनात त्याला अजून डुलकी लागते, पण आता ती आत बाकावर लागते.

गणपतीच्या आधी जखम भरली. सहदेव गावी निघाला, आपल्या पायाने. निघायच्या सकाळी पास्कोल नेहमीसारखा घमेलं भरून घेऊन आला.

"आता भरलो मा पाय," सहदेव म्हणाला. "आता कित्याक?"

"प्रवास आहे. दे."

सहदेवने सवयीने डावा पाय पुढे केला. पास्कोलने तो धुतला, उरलेल्या तीन बोटांच्या मधून पुसला. मग सहदेवच्या दुसऱ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हा पण."

"ह्यो? ह्येका काय झाला? ह्यो धडधाकट आसा."

"असू दे. दे इकडे."

सुगंधाने चहाचे कप काठोकाठ भरून खाटेवर आणून ठेवले. सहदेवने हसत हसत उजवा पाय पाण्यात सोडला.