नेद्कामावशीच्या अंगणातला कर्णा

मित्रांनो, मी बल्गेरियातल्या एका लहान गावातला जुना कर्णा आहे, हातात धरून, बटण दाबून बोलायचा. कारखान्यातून आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. ल्युबेन सुताराने मला आणलं ते मोर्च्यांसाठी. कातडी कमावण्याचा कारखाना आमच्या नदीत घाण सोडत होता. “याचा आवाज डोंगरापलीकडे जातो,” असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

मग औषधांच्या दुकानातल्या झ्द्राव्काताई आमच्या बाजूने नगराध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. आम्ही दारोदार फिरलो आणि सपाटून हरलो.

निकालाच्या संध्याकाळी ल्युबेनने मला उचललं आणि आमच्या प्रचार कचेरीच्या खिडकीतून चौकाकडे रोखलं. समोरून बेकरीवाली नेद्कामावशी चालली होती.

“एका जेवणावर मत विकलंस ना, मावशी?” तो ओरडला.

सारा चौक वळून तिच्याकडे बघू लागला. तिने मान खाली घातली. शब्द त्याचे होते, पण ते मोठे केले मी. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर आमचे कार्यकर्ते एकमेकांची नजर चुकवू लागले. बेकरीत आमच्यातलं कोणी पाऊल टाकेना. शेवटी ल्युबेनने मला खांद्याला अडकवलं. “चौकात उभा राहून माफी मागतो.”

“म्हणजे परत गावासमोर तिचं नाव घेणार?” झ्द्राव्काताई कडाडल्या. “घरी चल. मीही येते. तू ओरडत होतास तेव्हा मी शेजारीच उभी होते, गप्प.”

मावशी अंगणात सरपण रचत होती. ल्युबेनने मला भिंतीशी ठेवलं.

“मावशी, चुकलो.”

“जेवण म्हणे!” ती म्हणाली. “आमच्या वस्तीचा रस्ता त्या निवडून आलेल्यांनी केला. माझ्या आजारी नवऱ्याला दवाखान्यात न्यायला आता गाडी दारापर्यंत येते. तुम्ही आलात, नदीबद्दल बोललात, गेलात. मला काय हवंय, विचारलंत कधी?”



“नाही विचारलं,” झ्द्राव्काताई हळूच म्हणाल्या.

“ओरडायला दम आहे ना रे? मग उचल ही लाकडं.”

दोघांनी सरपण रचायला घेतलं. तिने माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. पण हात चालवता चालवता ती नवऱ्याच्या आजाराबद्दल बोलली, नदीच्या वासाबद्दलही बोलली. आणि ते दोघं, पहिल्यांदाच, नुसते ऐकत होते.

हल्ली मी कपाटात असतो. आत गंज चढलाय. मित्रांनो, माझ्यासारख्या कर्ण्याला पुसून ठेवा, बॅटऱ्या काढून ठेवा. आणि कधी हरलात, तर त्या दिवशी त्याला हात लावू नका.