रहवाल घोड्याचे पाय

"घोडा एवढा हादरतोय, आणि वरच्या म्हाताऱ्याच्या वाडग्यातलं घोडीच्या दुधाचं कुमिस हलतसुद्धा नाही. हा काय प्रकार आहे, पोरी?" एर्मेकने पडद्याकडे बोट दाखवत विचारलं. परीक्षक मंडळातले बाकीचे दोघं हसले.

चिनारा खाली मान घालून उभी राहिली. मागच्या खुर्चीवर बसलेल्या बुरुलच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं हिला शिकवलं, आणि ऐन वेळी ही मूग गिळून गप्प. बिश्केकच्या या अ‍ॅनिमेशन कॉलेजातून एर्मेकचा स्टुडिओ दर वर्षी एकच पगारी शिकाऊ घ्यायचा. ती जागा मिळाली नाही तर चिनाराने गाशा गुंडाळून डोंगरातल्या नारीनला परत यायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. पोरीच्या हातात चित्राचा जीव होता, आणि तो तिकडे मेंढरं मोजण्यात जाणार होता.

एर्मेकने चार सेकंदांची ती फिल्म पुन्हा लावली. "दुडक्या चालीच्या घोड्यावर भरलं वाडगं घेऊन बसवलंस म्हाताऱ्याला? माझ्या आजोबांनी चाबूक उगारला असता. इथे रहवाल घोडा हवा. एका अंगाचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या अंगाचे. त्याची पाठ हलत नाही, म्हणून थेंब सांडत नाही. नारीनची ना तू? घोडा बघितलायस तरी का कधी?"

बुरुलचे कान तापले. तीन आठवड्यांपूर्वी चिनाराने कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला होता. बुरुलने तो सवयीने बोटांत धरून फरफर उलटला. डावे दोन पाय एकदम, उजवे दोन पाय एकदम. "हा घोडा आहे का उंट?" ती म्हणाली होती, आणि सगळा वर्ग खिदळला होता. मग तिने लाल पेन्सिल घेऊन अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कागदांवर फुल्या मारल्या होत्या. पुढचा डावा तर मागचा उजवा, एवढंही कळत नाही? भिंतीवरच्या तक्त्यात घोडा तसाच तर होता. बुरुलचा जन्म शहरातल्या चौथ्या मजल्यावर गेलेला. घोड्यावर ती एकदाच बसली होती, बागेत, फोटोपुरती.

"बरं, एजे," एवढंच पोर म्हणाली होती. एजे म्हणजे थोरली बहीण; तिला चारचौघांत उलटून कोण बोलणार?

बुरुल उठली. "चूक तिची नाही. तिने रहवालच काढला होता. मी खोडायला लावला."

"एजे, तुम्ही बसा," एर्मेक म्हणाला. तो तिच्याच हाताखाली शिकलेला. एके काळी रेघ सरळ येत नाही म्हणून रडायचा.

"मी बसणार नाही. चिनारा, जुने कागद कुठायत?"

"याच कागदांच्या मागच्या बाजूला," चिनारा पुटपुटली. "कागद परत कुठून आणणार? पाठकोऱ्यावरच नवे काढले."

बुरुलने तिच्या हातातला गठ्ठा घेऊन उलटा केला, परीक्षकांच्या टेबलावर धरला आणि कागद सोडत गेली. घोडा चालू लागला. लाल फुल्यांच्या आडून, मान ताठ ठेवून, पाठ पाण्यासारखी सपाट. म्हातारा ऐटीत बसला होता आणि वाडगं जागच्या जागी होतं. असा घोडा बुरुलला उभ्या जन्मात काढता आला नव्हता. कोणी हसलं नाही.

"सुंदर आहे," एर्मेक म्हणाला. "पण आम्ही पडद्यावरचंच धरतो. तुमच्या फुल्यांना गुण कसे देणार?"

"तिला आठ दिवस दे. नव्याने करील."

"आज संध्याकाळी नाव कळवायचंय. दुसरा मुलगा तयार आहे."

"मग निकालावर लिही, चूक शिक्षिकेची म्हणून."

"कॉलेजची अब्रू जाईल, एजे. आणि तुमचा हातचित्रांचा वर्ग बंद करावा म्हणून इथे आधीच टपलेत. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

बुरुलने त्याच्यापुढचा निकालाचा कागद ओढला आणि चिनाराच्या नावापुढे लिहिलं : मूळ चित्र बरोबर होतं, मी चुकवलं. खाली सही ठोकली. एर्मेकने कागद काढून घेतला, दुसरा मागवला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बाहेर चिनारा पिशवी भरत होती. सगळा राग बुरुलच्या तोंडून पोरीवरच निघाला. "तेव्हाच का नाही बोललीस? जीभ झडली होती?"

चिनाराने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "बोलले असते, तर ऐकलं असतंत?"

हो म्हणायला बुरुलने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

चिनाराने मान हलवली. भिंतीला टेकवून तिने कागदांच्या कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा पिशवीत घातला. मग बुरुलच्या खांद्यावरून घसरलेली शाल, घरच्या वडीलधाऱ्या बाईची करावी तशी, नीट केली आणि जिना उतरून गेली.